पू कुठल्या जंतूचा, हे विचारायला शिकू या

पोस्ट लांब आहे. घरात एखाद्या लेकराचं ऑपरेशन व्हायचं असेल, किंवा झालेलं असेल, तर वेळ काढून वाचा. बाकीच्यांनी सेव्ह करून ठेवा, कधी ना कधी कामाला येईल.

२०२३ च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा नांदेडकर विसरलेले नाहीत. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. पुढच्या दिवशी आकडा ३१ झाला. मुंबईहून मंत्री आले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं किती, डॉक्टर किती, खाटा किती, पेशंट किती, हे सगळं मोजलं गेलं. मोजायलाच पाहिजे होतं. पण देशभर गाजलं ते वेगळंच दृश्य. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. कॅमेरे होतेच. संडास घाण असणं हे वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण दवाखान्याच्या स्वच्छतेची आपली सगळ्यांची कल्पना तिथेच संपते, हेही त्या दिवशी कळलं. फरशी चकाचक दिसली, फिनाईलचा वास आला, की दवाखाना स्वच्छ.

त्या मृत्यूंचं कारण दवाखान्यातले जंतू होते असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या जखमेत जाणाऱ्या जंतूबद्दल. तो फरशीवरून चालत येत नाही. तो येतो कुणाच्या तरी हातावरून, नळीवरून, ओल्या सिंकमधून, आणि पुष्कळदा पेशंटच्या स्वतःच्या अंगावरून. त्याला नाव असतं, पत्ता असतो, सवयी असतात. आमच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं हे आलंच पाहिजे. जखम चिघळली की आपण 'का' वर भांडत बसतो. 'कोण' हे कुणी विचारतच नाही.

मला हे घरातूनच शिकायला मिळालं. बहिणीला विचारून लिहितोय. पोरीचं, गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कुणी कमेंटमध्ये विचारूही नका.

माझी भाची जन्मली तेव्हाच पाठीवर गाठ होती. कण्याची मणके बंद न झालेली जागा आणि त्यातून बाहेर आलेली मज्जातंतूंची पिशवी. डॉक्टर त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. ती जागा जन्मल्यावर लगेच शिवली, पण पायांत ताकद कमी राहिली आणि लघवीवर ताबा आला नाही. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढावी लागते. बहीण ते इतक्या सफाईने करते की एखाद्या सिस्टरने बघावं. (अशा बाळांचं प्रमाण फॉलिक ॲसिडच्या गोळीने पुष्कळ कमी होतं, पण ती गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यावी लागते. आपल्याकडे ती गोळी तिसऱ्या महिन्यात, नाव नोंदवल्यावर हातात पडते. तो विषय वेगळा, त्यावर परत लिहीन.) पोरगी वाढायला लागली तसा कणा वाकायला लागला. बाराव्या वर्षी इतका वाकला की बसली की एक हात टेकवावा लागायचा आणि दम लागायचा. मग मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. सात तास. पाठीत मानेखालपासून पार कमरेच्या हाडापर्यंत दोन रॉड आणि स्क्रू.

सोळाव्या दिवशी बहिणीचा फोन. "दादा, पोरीच्या पाठीतून पाणी यायलंय."

तिथून पुढचे चार दिवस आपल्याकडे होतं तसंच झालं. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी 'पावर' वाढवून दुसरं दिलं. शेजारणीने सांगितलं, भात आणि डाळ बंद करा, पू धरतो. वांगं तर नकोच, आंबट नको, अंडं उष्ण. म्हणजे ज्या पोरीला जखम भरायला प्रथिनं पाहिजेत तिला ज्वारीची भाकरी आणि दूध. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, डॉक्टरने आत कापूस विसरला असेल, आपले दोन कार्यकर्ते घेऊन जाऊ. हे शेवटचं सांगणारे माझ्याच ओळखीचे होते आणि त्यांना वाटत होतं की पत्रकार म्हणून मला ते आवडेल.

चौथ्या दिवशी ताप चढला. गाडी करून परत त्याच दवाखान्यात. त्यांनी जखम पुन्हा उघडली, आतून धुतली, खराब झालेलं मांस काढलं आणि खोलवरचे चार-पाच तुकडे तपासायला पाठवले. रॉड तसेच ठेवले. मला वाटलं होतं रॉड काढतील. डॉक्टरांनी समजावलं की हाडं अजून जुळलेली नाहीत, आत्ता रॉड काढले तर कणा परत वाकेल, मग सगळंच वाया. लवकर झालेल्या संसर्गात शक्यतो रॉड ठेवून जखम धुतात आणि शिरेतून औषध चालू ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी, हाडं जुळल्यावर झाला, तर काढता येतात.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा कागद आला. त्यावर नाव होतं ई. कोलाय.

हे नाव मी आधी फक्त पाण्याच्या नमुन्यांच्या बातम्यांत लिहिलेलं. दूषित पाणी, गॅस्ट्रोची साथ, टाकीत ई. कोलाय. हा आतड्यातला जंतू. तो पाठीच्या कण्यात काय करत होता?

पुढचे सहा आठवडे मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होतो, रजा संपली, पगार कापला गेला, पण त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दोन निवासी डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या एक मॅडम, यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

मुलांच्या कण्याच्या ऑपरेशनमध्ये जखमेत पू करणारे जंतू ढोबळमानाने तीन वाटांनी येतात. पहिली वाट कातडीची. इथला दादा म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी आपल्या पेशंटांचा पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना द्राक्षाच्या घडासारखे गोल गोल जंतू दिसले. ग्रीकमध्ये घडाला स्टॅफिले म्हणतात, म्हणून हे नाव. प्रयोगशाळेत तो सोनेरी वाढतो म्हणून ऑरियस. चारपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, तुमच्या-माझ्याही असेल, आणि काही करत नाही. कापलेल्या जखमेत गेला की मात्र पू करतो. त्याचाच एक प्रकार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, त्याला एमआरएसए म्हणतात. याचे गरीब भाऊबंद, स्टॅफ एपिडर्मिडिस वगैरे, एरवी अगदी निरुपद्रवी. पण आत धातूचा रॉड असला की हे त्याच्यावर चिकट थर धरतात. घरातला रांजण पंधरा दिवस घासला नाही तर आतून कसा बुळबुळीत होतो, तसा. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, जखम उघडून घासावीच लागते.

दुसरी वाट फार चोरटी. मुरुमांचा जो जंतू, पूर्वी प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणायचे, आता क्युटीबॅक्टेरियम म्हणतात, तो. कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत राहतो, अतिशय हळू वाढतो. ऑपरेशनला वर्ष, दोन वर्षं होऊन गेलेली असतात, मुलगा शाळेत जात असतो, ताप नाही, काही नाही, आणि अचानक पाठ दुखायला लागते किंवा जुन्या व्रणातून थेंब येतो. प्रयोगशाळेत नमुना दोन-चार दिवस ठेवून 'काही वाढलं नाही' असा शेरा मारला तर हा सापडतच नाही. त्याला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात, आणि तसं कागदावर लिहून सांगावं लागतं. 'कल्चर निगेटिव्ह' म्हणजे 'जंतू नाही' असं नव्हे, हे मला त्या मॅडमनी तीनदा सांगितलं. त्या जरा चिडूनच सांगत होत्या, रोज सांगत असाव्यात.

तिसरी वाट आमच्या पोरीची. ई. कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस, एंटेरोबॅक्टर हे आतड्यातले, आणि ओल्या जागी, सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, नळ्यांमध्ये राहणारा स्युडोमोनास. ज्या मुलांचा कणा एरवी धडधाकट असताना वयात येताना वाकतो, त्यांच्यात जखमेचा संसर्ग शंभरात एक-दोघांना होतो आणि तो बहुतेक कातडीच्या जंतूंचा. पण सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार, स्पायना बायफिडा असलेल्या मुलांत हे प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं, काही अभ्यासांत शंभरात दहाच्याही वर. आणि त्यांच्यात हे तिसऱ्या वाटेचे जंतू भरपूर सापडतात, कधी कधी एकाच जखमेत दोन-तीन. कारण उघड आहे. जखमेचं खालचं टोक डायपरच्या जागेपाशी. लघवी साठून राहते म्हणून तिच्यात जंतू कायमचे. कातडीला संवेदना नाही, त्यामुळे जखम झाली तरी पोर सांगत नाही. खाणं कमी, वजन कमी. ऑपरेशन लांबलचक, रक्त जास्त जातं.

आता यातून पुढची गोष्ट येते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. ऑपरेशनच्या आधी चीर देण्यापूर्वी जे प्रतिबंधक इंजेक्शन देतात ते बहुधा सेफाझोलिन. चांगलं औषध, जुनं, स्वस्त, कातडीच्या जंतूंवर उत्तम. पण स्युडोमोनासवर ते चालत नाही, आणि ई. कोलायचाही भरवसा नाही. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या कण्याच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जास्त धोक्याच्या मुलांसाठी एक यादी केली. त्यात अवघड काही नाही. आदल्या रात्री क्लोरहेक्सिडिनने अंघोळ. लघवीचं कल्चर आधीच करून त्यातल्या जंतूंचा बंदोबस्त. मुलाच्या पोषणाची तपासणी. केस काढायचेच असतील तर वस्तऱ्याने नाही, क्लिपरने, कारण वस्तऱ्याचे बारीक ओरखडे जंतूंना दार उघडून देतात. सेफाझोलिनबरोबर आतड्यातल्या जंतूंवर चालणारं दुसरं औषध. ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांची ये-जा कमी. घरी सोडेपर्यंत ड्रेसिंग उगीच उघडायचं नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच ऑपरेशनांसाठी नियम काढले, त्यातही वस्तरा बंद आणि ऑपरेशन संपल्यावर 'सावधगिरी म्हणून' आठवडाभर अँटिबायोटिक चालू ठेवणं बंद, असं स्पष्ट आहे. आपल्याकडे टाके पडले की पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या नाहीत तर पेशंटच म्हणतो, डॉक्टरला काही येत नाही.

भाचीची फाईल माझ्या मांडीवर होती. वाचायची सवय म्हणून वाचत बसलो. ऑपरेशनच्या तीन महिने आधीचा लघवीच्या कल्चरचा एक कागद त्यात सापडला, दुसऱ्या एका डॉक्टरांनी तापासाठी केलेला. ई. कोलाय. आणि खालची यादी, कुठल्या औषधापुढे एस म्हणजे चालतं, कुठल्यापुढे आर म्हणजे चालत नाही, ती पाठीच्या जखमेच्या कागदाशी ओळ न् ओळ जुळत होती. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत लघवीची साधी तपासणी होती, कल्चर नव्हतं. मी निवासी डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले. पोरगं प्रामाणिक होतं. म्हणालं, "सर, तोच जंतू असेल असं वाटतंय. खात्रीने सांगायला आणखी वेगळ्या तपासण्या लागतील. पण असं होतं." मी त्याच्याशी भांडलो नाही. छत्तीस तास ड्युटीवर असलेल्या माणसाशी काय भांडणार. पण तो कागद फाईलमध्ये होता आणि तो वाचायचं काम कुणाचंच नव्हतं, हे मात्र डोक्यातून जात नाही.

आणि ते चार दिवस. कल्चर घेण्याआधीच दोन प्रकारची अँटिबायोटिक टोचली की जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि नमुन्यात वाढत नाहीत. म्हणजे चोर पळून जात नाही, फक्त बोटांचे ठसे पुसले जातात. जखमेच्या वरवरून कापूस फिरवून घेतलेला नमुनाही फसवतो, कारण तिथे कातडीवरचे सटरफटर जंतूच सापडतात. खोलवरचे तुकडे घेतले म्हणून आमचं नाव निघालं. त्यावर नेमकं औषध सहा आठवडे चाललं. पोरगी आता शाळेत जाते, सरळ बसते, दोन्ही हातांनी जेवते. वर्षभर लक्ष ठेवायला सांगितलंय. ऑपरेशन योजनेत झालं. जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपलं नांदेड होतं, हे तेव्हा आम्ही मोठ्या मथळ्यात छापलेलं. पण सहा आठवडे शहरात राहणं, सोबतच्यांचं जेवण, दाजींची बुडालेली मजुरी, हे पॅकेजमध्ये बसत नाही. त्यासाठी एक म्हैस गेली.

लातूरच्या मित्रांना एक सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मीही स्टेशनवर होतो. सगळ्यांनी घागरी दाखवल्या. तेव्हा मला सुचलं नव्हतं, आता सुचतं, की ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथे ऑपरेशनआधी हात कशाने धुवायचे? तर त्याचंही उत्तर आहे. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं द्रावण चोळणं हे पाण्या-साबणाने घासण्याइतकंच चालतं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. आणि अल्कोहोल तर आपल्या उसाच्या मळीतूनच निघतं. करोनात साखर कारखान्यांनी सॅनिटायझर काढलंच होतं की! पण प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ती बाटली भरलेली असणं, हे कुणाच्या तरी रोजच्या कामात लिहिलेलं असावं लागतं. त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

जखमेत पू झाला म्हणजे डॉक्टर चोर, असं नाही. जगातल्या उत्तमातल्या उत्तम दवाखान्यातही हा आकडा शून्य नाही. तोडफोडीने तो कमी होत नाही, उलट धोक्याच्या केसेस घ्यायलाच डॉक्टर नाही म्हणायला लागतात, आणि मग आमच्या भाचीसारख्या पोरींना कुणी हात लावत नाही. पण 'नशीब' म्हणून सोडून द्यायचीही ही गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये २००४ पासून सरकारी रुग्णालयांना हाडांच्या ठराविक ऑपरेशनांनंतर किती जखमा बिघडल्या याची नोंद द्यावीच लागते. आपल्याकडे कायाकल्प योजना २०१५ पासून आहे, तिच्यात संसर्ग नियंत्रणाला गुण आहेत, बक्षिसं आहेत. बक्षीस मिळाल्याची बातमी प्रेसनोटमध्ये येते. शंभर ऑपरेशनांमागे किती जखमांत पू झाला आणि कुठल्या जंतूंचा, हे कुठल्याही प्रेसनोटमध्ये मी वीस वर्षांत वाचलेलं नाही.

म्हणून तुमच्या घरात ऑपरेशन असेल तर आधी विचारा: लघवीचं कल्चर केलं का? जुने कल्चरचे कागद बघितले का? चीर देण्याआधीचं इंजेक्शन कुठलं? नम्रपणे विचारा, पण विचारा. टाक्यांतून पाणी आलं तर मेडिकलवरून पत्ता घेऊ नका, जवळच्या डॉक्टरांकडून 'पावर' वाढवून घेऊ नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना त्याच दिवशी फोन करा आणि पहिला डोस द्यायच्या आधी कल्चर घ्या म्हणा. ताप चढलेला असेल, लेकरू निपचित पडलं असेल, तर अर्थातच डॉक्टर म्हणतील ते आधी. आणि डाळ, अंडं, भात सगळं खाऊ घाला.

मी काल माहिती अधिकारात दोन अर्ज टाकलेत, एक नांदेडच्या आणि एक लातूरच्या शासकीय रुग्णालयाला. दहा-दहा रुपयांचा स्टॅम्प. चारच प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत ऑपरेशनं किती, त्यांतल्या किती जखमांत संसर्ग झाल्याची नोंद आहे, किती नमुन्यांचं कल्चर झालं आणि कुठले जंतू निघाले, आणि संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठका कधी झाल्या त्यांची इतिवृत्तं. तीस दिवसांची मुदत आहे. जे येईल ते, चांगलं असो की वाईट, इथेच टाकतो. परभणी, हिंगोली, धाराशिव, बीडच्या मित्रांपैकी कुणाला आपल्या जिल्ह्यात असाच अर्ज टाकायचा असेल तर इनबॉक्समध्ये या, मसुदा पाठवतो.